पत्रलेखनापासून पर्यायनिवडीपर्यंत: व्यापारी इंग्रजीच्या परीक्षांचा इतिहास

व्यापारासाठी शिकायचे इंग्रजी आणि साहित्यासाठी वा विद्यापीठीय अभ्यासासाठी शिकायचे इंग्रजी असा भेद एकोणिसाव्या शतकात रूढ होत गेला आणि त्या भेदाला संस्थात्मक रूप दिले ते परीक्षांनी. मालाची मागणी, दरपत्रक, बीजक, विमा, जहाजाने पाठवणी, तक्रार, वसुली, बैठक, नेमणूक अशा व्यवहारांत लागणारे शब्द, वाक्प्रयोग आणि लेखनप्रकार यांना मिळून ‘व्यापारी इंग्रजी’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र या विषयाची हद्द भाषाशास्त्रज्ञांनी क्वचितच आखली. ती आखली परीक्षा मंडळांनी, आणि मंडळांवर दाब होता तो निकालाची गरज असलेल्या मालकवर्गाचा. शिकणाऱ्याचा शब्दसंग्रह किती आणि वाचलेला मजकूर त्याला कितपत कळतो, हे मोजण्याच्या रीती गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा पालटल्या. या पालटांमागे भाषेविषयीचे नवे सिद्धांत होते हे खरे, परंतु कोणता सिद्धांत उचलायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा हे प्रत्येक वेळी निकाल वापरणाऱ्याच्या गरजेने ठरवले, असे या इतिहासाचे बारकाईने वाचन केल्यास दिसते.

आरंभ लंडनमध्ये झाला. कला, उद्योग आणि व्यापार यांच्या उत्तेजनासाठी १७५४ मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने १८५६ मध्ये कामगार आणि कारकून वर्गातील तरुणांसाठी परीक्षा सुरू केल्या, आणि पुढे त्यांचा कल अधिकाधिक व्यापारी विषयांकडे झुकत गेला. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारी नोकऱ्याही वशिल्याऐवजी परीक्षेने भरण्याचे धोरण पुढे आले होते. १८५५ मध्ये सिव्हिल सर्व्हिस कमिशन स्थापन झाले आणि हिंदुस्थानातील मुलकी सेवेसाठी खुली स्पर्धापरीक्षाही त्याच वर्षी झाली. सरकारी कचेरीतील कारकुनाची परीक्षा घेताना एक प्रश्नप्रकार विशेष महत्त्वाचा ठरला, तो म्हणजे सारांशलेखनाचा. उमेदवाराच्या हाती पत्रव्यवहाराचा एक जुडगा दिला जाई. त्यातील प्रत्येक पत्राची तारीख, पाठवणारा आणि विषय यांची नोंद करायची, आणि मग संपूर्ण प्रकरण वरिष्ठाला मूळ कागद न वाचता समजेल अशा बेताने थोडक्यात मांडायचे, असे त्याचे स्वरूप होते. कचेरीच्या कामासाठी घेतलेली आकलनाची ही कदाचित सर्वांत प्रामाणिक परीक्षा होती, कारण तिच्यात परीक्षा आणि काम यांत अंतर जवळजवळ नव्हते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील अनिवार्य भाषांच्या प्रश्नपत्रिकांत सारांशलेखन आजही विचारले जाते. मराठी घेऊन बसणारा उमेदवारही ते मराठीत लिहितो, आणि त्या प्रश्नाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील या कचेऱ्यांत आहे.

खासगी व्यापाराची गरज मात्र वेगळी होती. १८८० च्या दशकात लंडनच्या पेढ्यांत जर्मन कारकुनांची संख्या डोळ्यांत भरू लागली; दोन-तीन भाषा लिहिता येणारा आणि हिशेबात तरबेज असलेला जर्मन तरुण इंग्रज तरुणापेक्षा पुष्कळदा कमी पगारावर मिळत असे, आणि त्यामुळे इंग्रजांचे व्यापारी शिक्षण मागासलेले असल्याची ओरड सुरू झाली. लंडनच्या व्यापारी मंडळाने, म्हणजे लंडन चेंबर ऑफ कॉमर्सने, या चिंतेतूनच व्यापारी शिक्षणाची योजना आखली आणि १८९० पासून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. या परीक्षा पुढे साम्राज्यभर आणि साम्राज्याबाहेरही पसरल्या, आणि मूळच्या इंग्रज तरुणांऐवजी इंग्रजी ही परकी भाषा असलेले उमेदवार त्यांना मोठ्या संख्येने बसू लागले.

या जुन्या परीक्षांचा गाभा पत्र हाच होता. उमेदवाराला चार-सहा टिपणे दिली जात: अमुक तारखेचे पत्र पोहोचले, माल भिजलेला निघाला, विमा कंपनीचा पाहणीदार येऊन गेला, दरात सूट हवी. त्यांवरून त्याने पूर्ण पत्र रचायचे. त्या काळचे इंग्रजी व्यापारी पत्र ठरीव सूत्रांनी बांधलेले असे. चालू महिन्याची तारीख लिहिताना ‘इन्स्टंट’, गेल्या महिन्याची लिहिताना ‘अल्टिमो’ आणि पुढच्या महिन्याची लिहिताना ‘प्रॉक्सिमो’ हे लॅटिन वळणाचे शब्द संक्षेपाने जोडले जात, समोरच्याच्या पत्राला ‘फेवर’, म्हणजे कृपा, म्हटले जाई, आणि ‘एफ.ओ.बी.’ किंवा ‘सी.आय.एफ.’ अशा अक्षरांनी जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च कोणाचा आणि वाहतूक व विमा कोणाच्या गळ्यात, हे ठरत असे. शब्दसंग्रहाची वेगळी परीक्षा घेण्याची गरज तेव्हा कोणालाच भासली नाही. ‘सी.आय.एफ.’चा अर्थ ठाऊक नसलेल्याचे पत्रच चुकीचे उतरे, आणि परीक्षकाला ते पहिल्या परिच्छेदात दिसे. शब्द, आकलन आणि लेखन ही तिन्ही अंगे एकाच कागदावर एकत्र तपासली जात.

मुंबईत याच काळात असे कारकून घडवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. कापूस, सूत आणि अफूच्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या या शहरात देशी पेढ्यांच्या वह्या देशी भाषांत आणि लिप्यांत लिहिल्या जात असल्या, तरी लिव्हरपूलशी, बँकांशी आणि जहाज कंपन्यांशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीतच करावा लागे. सोराब दावर यांनी १९०० मध्ये सुरू केलेले वाणिज्य महाविद्यालय आणि १९१३ मध्ये स्थापन झालेले सिडनहॅम महाविद्यालय ही त्या गरजेची दोन ठळक फळे होत. तथापि सर्वसामान्य मराठी घरांत व्यापारी इंग्रजीची परीक्षा पोहोचली ती महाविद्यालयांमार्फत नव्हे, टायपिंगच्या क्लासमार्फत. मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांच्या वेगाची सरकारी परीक्षा देताना विद्यार्थी वेगाचा उतारा टंकलिखित करी, पत्र मांडी, तक्ता आखी. त्या पत्रातला ‘विथ रेफरन्स टू युअर लेटर’ हा आरंभ आणि ‘युअर्स फेथफुली’ हा शेवट बोटांना पाठ होत असे. आकलन तेथे मोजले जात नव्हते, पण हजारो तरुण-तरुणींचा व्यापारी इंग्रजीशी पहिला परिचय याच मार्गाने झाला, आणि शिक्षणाच्या इतिहासकारांनी या परीक्षांकडे फारसे लक्ष दिलेले नाही ही मोठी उणीव आहे.

केंब्रिजचा मार्ग सुरुवातीला निराळा होता. परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा केंब्रिजच्या मंडळाने १९१३ मध्ये घेतली. ती सुमारे बारा तास चाले, तिच्यात भाषांतर, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन आणि संभाषण होते, तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. ती शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी होती आणि व्यापाराशी तिचा संबंध नव्हता. १९३० च्या दशकात साहित्याच्या प्रश्नपत्रिकेला पर्याय म्हणून आर्थिक आणि व्यापारी ज्ञानाची प्रश्नपत्रिका ठेवण्याचा प्रयोग झाला, परंतु तो फार काळ टिकला नाही.

शब्द मोजण्याची आणि आकलन मोजण्याची स्वतंत्र शास्त्रे या दरम्यान भलत्याच ठिकाणी आकार घेत होती. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास मूक वाचनाची एक चाचणी तयार केली, जिच्यात विद्यार्थ्याने उत्तर लिहायचे नव्हते, दिलेल्या उत्तरांतून निवडायचे होते. बहुपर्यायी प्रश्नाचा उगम सामान्यतः या चाचणीत मानला जातो. केली यांचा हेतू साधा होता: दोन शिक्षकांनी एकच उत्तरपत्रिका तपासली तर गुण सारखे यावेत आणि तपासणीचा वेळ वाचावा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सतरा लाखांच्या आसपास सैनिकांची बुद्धिचाचणी याच तत्त्वावर घेतली, आणि १९३८ मध्ये आयबीएम कंपनीने पेन्सिलीच्या खुणेतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते या गुणधर्माचा उपयोग करून उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र विक्रीस आणले, तेव्हा माणसाच्या हस्ताक्षराशिवाय परीक्षा घेण्याची सोय पूर्ण झाली.

याच काळात एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले होते. मुलांनी छोट्या उताऱ्यावरील प्रश्नांना दिलेली चुकीची उत्तरे तपासून त्याने असे दाखवले की परिच्छेद वाचणे ही गणित सोडवण्यासारखी तर्काची क्रिया आहे. वाचक प्रत्येक शब्दाला योग्य तितके वजन देतो, काहींना मागे सारतो, काहींना पुढे आणतो, आणि एखाद्या शब्दाला भलते वजन दिले गेले तर सर्व शब्द ओळखूनही अर्थ चुकतो. शब्दसंग्रह आणि आकलन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले. पुढे थॉर्नडाइकनेच १९२१ मध्ये इंग्रजी मजकुरात वारंवार येणाऱ्या दहा हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली, आणि कोणते शब्द आधी शिकवावेत हा प्रश्न आवडीनिवडीतून सुटून मोजणीच्या कक्षेत आला.

या मोजणीला परभाषा शिकणाऱ्यांच्या कामी लावणारा माणूस बंगालमध्ये होता. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी बंगाली विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचा अभ्यास करून १९२६ मध्ये द्वैभाषिकतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात मांडलेला विचार व्यापारी इंग्रजीच्या परीक्षांच्या मुळाशी आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. बहुसंख्य मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात. तेव्हा ज्या टप्प्यावर ती सोडतील त्या टप्प्यावर त्यांच्या पदरात काहीतरी उपयोगी पडलेले असले पाहिजे, असे वेस्ट यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांनी विमा व्यवसायातील ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही कल्पना, म्हणजे मुदतीआधी विमा मोडल्यास हाती येणारी रक्कम, वापरली. बोलणे आणि लिहिणे अर्धवट राहिले तर त्याचा उपयोग थोडा, पण वाचन अर्धवट राहिले तरी पुष्कळ काही वाचता येते, या हिशेबाने त्यांनी वाचनाला अग्रक्रम दिला, वाचनपाठांतील दुर्मीळ शब्द काढून त्यांच्या जागी रुळलेले शब्द घातले आणि नवे शब्द मजकुरात अंतराअंतराने पेरले. वसाहतीतील गरीब मुलाविषयीच्या कनवाळू विचारातून आलेली ही भूमिका होती, आणि तिच्यातली कळकळ आजही जाणवते.

टोकियोत याच विषयावर हॅरल्ड पामर काम करत होते. १९२२ मध्ये जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून ते तेथे गेले, त्यांच्या जाण्यामागे जहाजबांधणी उद्योगातील मात्सुकाता कोजिरो यांचा पैसा होता, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था त्यांनी तेथे उभी केली. पामर यांचा भर तोंडी भाषेवर होता आणि वेस्ट यांचा वाचनावर; तरी शब्दनिवडीच्या प्रश्नावर दोघे १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत थॉर्नडाइक यांच्यासह एकत्र बसले, आणि त्यातून अखेर १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची सामान्य उपयोगाची यादी वेस्ट यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. या मंडळींच्या समांतर, केंब्रिजमधील सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये केवळ ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले, ज्याच्या नावातील पाच अक्षरांपैकी शेवटचे अक्षर ‘कमर्शियल’चे, म्हणजे व्यापाराचे, होते. ऑग्डेन यांची योजना मागे पडली, पण परकीयाला व्यवहारासाठी लागणारे इंग्रजी मोजता येण्याजोगे आणि मर्यादित आहे हा विश्वास मागे उरला.

१९५० आणि १९६० च्या दशकांत भाषा-चाचणी हा स्वतंत्र अभ्यासविषय बनला. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मजकुरातील ठरावीक अंतरावरचा प्रत्येक शब्द गाळून वाचकाकडून तो भरून घेण्याची रीत वर्तमानपत्री मजकुराची सुबोधता मोजण्यासाठी काढली होती. ती भाषाशिक्षकांनी उचलली, आणि मराठी शाळांतील ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नाशी तिचे बाह्य साम्य असले तरी येथे जागा कोणती गाळायची हे शिक्षक ठरवत नसे, अंतर ठरवत असे. रॉबर्ट लाडो यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात भाषेचे लहान लहान घटक पाडून प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासण्याचा आग्रह धरला. जॉन कॅरल यांनी त्याच वर्षी त्याला जोड देणारा विचार मांडला, की अनेक घटक एकाच वेळी वापरावे लागतात अशी कामेही परीक्षेत हवीत. यंत्राने तपासता येण्यास लाडो यांची रीत अधिक सोयीची होती. न्यू जर्सीतील प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या १९४७ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या हाती तिची सूत्रे पुढे गेली, आणि अमेरिकी विद्यापीठांत येणाऱ्या परकीयांसाठी १९६४ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘टोफेल’ परीक्षेने तिला जगभर नेले.

व्यापारी इंग्रजीच्या परीक्षेला तिचे आजचे रूप मिळाले ते मात्र जपानी पुढाकारातून. १९७० च्या दशकात जपानचा निर्यात व्यापार वेगाने वाढत होता, अभियंते आणि विक्रेते परदेशी धाडले जात होते, पण त्यांचे इंग्रजी विद्यापीठ प्रवेशाच्या कठोर परीक्षांसाठी घोटलेले, भाषांतराच्या अंगाने शिकलेले होते. कोणाला पाठवावे आणि कोणाला आणखी शिकवावे हे ठरवण्यास कंपन्यांकडे साधन नव्हते. कितावोका यासुओ या व्यावसायिकाने ही अडचण हेरली, व्यापार व उद्योग मंत्रालयातून निवृत्त झालेल्या वातानाबे याएजी यांचे पाठबळ मिळवले आणि प्रिन्स्टनच्या संस्थेकडे नव्या परीक्षेची मागणी केली. संस्थेतील प्रोटेस वुडफर्ड यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली. डिसेंबर १९७९ मध्ये जपानमधील पाच शहरांत ती पहिल्यांदा घेतली गेली, तेव्हा तीन हजारांच्या आतच उमेदवार बसले होते. तिचे नाव ‘टोइक’. दक्षिण कोरियात ती १९८२ मध्ये सुरू झाली. जपानमध्ये २०१० च्या दशकापर्यंत वर्षाला वीस लाखांहून अधिक वेळा ती दिली जाऊ लागली.

‘टोइक’ची रचना पाहिल्याखेरीज तिच्या यशाचे कारण कळत नाही. दोन तासांत २०० प्रश्न; त्यांपैकी १०० श्रवणाचे ४५ मिनिटांत, आणि १०० वाचनाचे ७५ मिनिटांत, म्हणजे वाचनाच्या एका प्रश्नास सरासरी ४५ सेकंद. उमेदवाराने एकही शब्द लिहायचा नाही आणि एकही शब्द बोलायचा नाही. वाचनाच्या पहिल्या भागात एकेका वाक्यात एक जागा गाळलेली असते. ‘ऑल इन्व्हॉइसेस मस्ट बी सबमिटेड —— फ्रायडे’ अशा धर्तीच्या वाक्यापुढे ‘बाय’, ‘अनटिल’, ‘अमंग’ आणि ‘सिन्स’ असे चार पर्याय दिले, तर मराठी भाषकाची खरी ओढाताण पहिल्या दोहोंत होते, कारण ‘शुक्रवारपर्यंत’ या एकाच रूपाने दोन्हींचे काम भागते. शुक्रवारच्या आत केव्हाही एकदा बीजक द्यायचे की शुक्रवार उजाडेपर्यंत देतच राहायचे, हा भेद इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘अनटिल’ यांच्यात वाटला गेला आहे. दुसऱ्या तऱ्हेच्या प्रश्नांत पर्याय एकाच धातूचे असतात: ‘प्रॉडक्ट’, ‘प्रॉडक्शन’, ‘प्रॉडक्टिव्ह’, ‘प्रॉडक्टिव्हली’. येथे अर्थ कळून भागत नाही, वाक्यातली जागा नामाची आहे की क्रियाविशेषणाची हे ओळखावे लागते, आणि सरावलेला उमेदवार वाक्य पूर्ण न वाचताच गाळलेल्या जागेच्या आजूबाजूचे दोन शब्द पाहून खूण करतो. जो पर्याय बरोबर वाटावा पण नसावा अशा बेताने रचलेला असतो, त्याला चाचणीशास्त्रात विकर्षक म्हणतात. चांगला विकर्षक रचणे हे या व्यवसायातील सर्वांत कौशल्याचे काम आहे, कारण तो जाणत्याला फसवणारा असता कामा नये आणि अर्धवट जाणत्याला मात्र हमखास ओढणारा असला पाहिजे.

सुरुवातीच्या रूपात वाक्यातील चूक हुडकण्याचेही वीस प्रश्न होते. २००६ च्या फेररचनेत ते गेले आणि त्यांच्या जागी सलग मजकुरातील गाळलेल्या जागा आल्या. त्याच वेळी आकलनाच्या विभागात जोडउतारे आले, आणि २०१६ मध्ये तीन मजकुरांचे संच. एका संचात पुरवठादाराचे दरपत्रक असते, दुसऱ्या कागदावर ग्राहकाची मागणी, तिसऱ्यावर तक्रारीचा ई-मेल; विशिष्ट संख्येहून अधिक खोकी घेतल्यास सूट मिळेल असे पहिल्यात म्हटलेले असते, मागणी त्या संख्येच्या जराशी वर असते, आणि त्यांतील काही खोकी परत पाठवल्याचे तिसऱ्यात वाक्याच्या ओघात आलेले असते. ग्राहकाला सूट मिळेल काय, या प्रश्नाचे उत्तर तिन्हींपैकी कोणत्याही एका कागदावर नाही. थॉर्नडाइकने १९१७ मध्ये वाचनाविषयी जे म्हटले होते त्याच्याशी हा प्रश्नप्रकार अधिक प्रामाणिक आहे, आणि पत्रांच्या जुडग्यावरून प्रकरण समजून घेणाऱ्या जुन्या कारकुनाच्या परीक्षेशीही त्याचे नाते जुळते. फरक इतकाच की त्या कारकुनाला समजलेले लिहून दाखवावे लागे.

कंपन्यांना ही परीक्षा मानवली ती तिच्या गुणांच्या मांडणीमुळे. येथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकालच नाही. १० ते ९९० या पट्टीवर पाचाच्या टप्प्याने गुण मिळतात, आणि प्रश्नपत्रिका अवघड निघाली वा सोपी निघाली तरी गुणाचा अर्थ तोच राहावा म्हणून संख्याशास्त्रीय रीतीने ते समतोल केले जातात. एखाद्या कंपनीने उमेदवाराला ६०० मागावेत आणि परदेशी नेमणुकीला ७३० मागावेत, हे त्यामुळे सहज शक्य झाले. लंडनच्या प्रमाणपत्राने ‘हा मनुष्य व्यापारी पत्र लिहू शकतो’ असे सांगितले जाई. ‘टोइक’चा आकडा हजारो माणसांना एका ओळीत उभे करतो, आणि रेषा कोठे ओढायची हे मालकाच्या हाती देतो. लिहिणे-बोलणे न तपासण्यामागचा युक्तिवाद असा होता की श्रवण आणि वाचन यांचे गुण लेखन-भाषणाच्या प्रत्यक्ष चाचण्यांतील गुणांशी बऱ्यापैकी जुळतात. समूहाविषयी हे विधान खरे असू शकते. पण बढती समूहाला मिळत नाही, एकेका माणसाला मिळते, आणि नेमके तेथेच हा युक्तिवाद अपुरा पडतो.

परिणाम दूरवर गेले. जपानच्या राकुतेन कंपनीने २०१० मध्ये इंग्रजी ही कंपनीची कामकाजाची भाषा करण्याचा निर्णय जाहीर केला, २०१२ पासून तो पूर्णतः अमलात आणला आणि पदांसाठी ‘टोइक’चे किमान गुण ठरवून दिले. कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटानंतर नोकऱ्या दुर्मीळ झाल्या आणि पदवीइतकाच हा आकडाही अर्जावर अत्यावश्यक बनला. २०२० मध्ये आलेल्या एका कोरियन चित्रपटाचे कथानक १९९५ सालच्या अशा तीन कारकून तरुणींवर उभे आहे, ज्यांना ६०० गुण मिळवल्यास बढती मिळेल असे सांगितले जाते. लोकप्रिय कलेत एखाद्या भाषापरीक्षेला असे मध्यवर्ती स्थान क्वचितच मिळाले असेल. टोकियोतील चार्ल्स ब्राउन आणि ब्रेंट कलिगन या अभ्यासकांनी वेस्ट यांच्या यादीची नवी आवृत्ती म्हणून २०१३ मध्ये सुमारे २,८०० शब्दांची यादी तयार केली, आणि तिच्या जोडीला ‘टोइक’च्या मजकुरात येणाऱ्या सुमारे १,२०० शब्दांची स्वतंत्र यादी दिली. ढाक्यातील मुलाने शाळा सोडली तरी त्याच्या हाती वाचन राहावे म्हणून सुरू झालेली शब्दांची मोजणी आता एका परीक्षेचे गुण वाढवण्यासाठी केली जाऊ लागली.

केंब्रिजने या स्पर्धेत वेगळी वाट धरली. १९९३ मध्ये चिनी अधिकाऱ्यांच्या सहकार्याने त्याने व्यापारी इंग्रजीची प्रमाणपत्रे प्रथम चीनसाठी आणली आणि नंतर इतरत्र. त्यांत वाचनाबरोबर ई-मेल, टिपण आणि अहवाल लिहावा लागे, आणि तोंडी परीक्षेत दोन परीक्षकांसमोर दोन उमेदवार एकमेकांशी एखाद्या व्यावसायिक प्रश्नावर चर्चा करत. वाचनाच्या प्रश्नपत्रिकेत एक सुंदर प्रश्नप्रकार होता: परिच्छेदाच्या काही ओळींत एकेक शब्द जादा घातलेला असे आणि उमेदवाराने तो हुडकायचा. हे काम प्रत्येक कचेरीत, पत्र रवाना होण्याआधी, कोणीतरी खरोखरच करत असते. परंतु अशी परीक्षा महाग पडते, प्रशिक्षित परीक्षक लागतात, आणि निकालास वेळ लागतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी एकाच दिवशी शेकडो माणसांची प्रतवारी करण्यासाठी ती सहसा निवडली नाही. ‘टोइक’नेही २००६-०७ पासून भाषण आणि लेखनाच्या वेगळ्या चाचण्या सुरू केल्या, पण त्या ऐच्छिक राहिल्या आणि त्यांना बसणाऱ्यांची संख्या मूळ परीक्षेच्या तुलनेत अगदी थोडी राहिली.

आकड्यावर सगळी भिस्त ठेवण्याचा धोका ब्रिटनमध्ये उघड झाला. २०११ पासून ब्रिटिश व्हिसासाठी ‘टोइक’चे गुण ग्राह्य धरले जात होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने काही केंद्रांत तोतये बसवले जातात आणि उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली जातात हे दाखवले, आणि त्यानंतर ब्रिटिश सरकारने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. परीक्षासंस्थेने केलेल्या आवाजाच्या तपासणीत ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांपैकी ९७ टक्के चाचण्या अवैध किंवा संशयास्पद ठरवल्या गेल्या. पण हा पुरावा प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत कितपत भरवशाचा होता याची सरकारने पुरेशी छाननी केली नाही, अशी टीका २०१९ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने केली. अडकलेल्यांत भारतीय विद्यार्थी पुष्कळ होते. आपण निर्दोष असल्याचे सांगत त्यांतील अनेकांनी वर्षानुवर्षे न्यायालयांत लढा दिला, आणि काहींच्या बाजूने निकालही लागले. सरकारी अधिकाऱ्यासमोर उभे राहून अस्खलित इंग्रजी बोलणारा तरुणही कागदावरील आकड्यापुढे हतबल ठरला, ही या प्रकरणातील सर्वांत बोचणारी बाब आहे.

अलीकडे या परीक्षा संगणकाकडे वळल्या आहेत. केंब्रिजने १९९७ पासून कंपन्यांसाठी चालवलेली ‘बुलॅट्स’ ही चाचणी २०१९ च्या अखेरीस बंद करून तिच्या जागी नवी चाचणी आणली, जिच्यात उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो आणि चुकले की सोपा येतो, म्हणजे प्रश्नपत्रिका उमेदवारागणिक बदलते. ‘टोइक’च्या श्रवणभागात २००६ पासून अमेरिकी उच्चारांच्या जोडीला ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन उच्चार आले. चाकणच्या कारखान्यात येणारा जपानी अभियंता मात्र ज्या इंग्रजीत दिवसभर काम करतो ते पुण्यातील मराठी, तमिळ आणि हिंदी भाषकांचे इंग्रजी असते. त्याच्या बैठका, त्याला येणारे ई-मेल आणि त्याने मंजूर करायची बीजके त्याच इंग्रजीत असतात. ज्या परीक्षेचे गुण दाखवून तो येथे आला, तिच्या श्रवणभागातील संवादांत या उच्चारांना आजवर जागा मिळालेली नाही.